बार्तोलकाकाचं प्रेशर

लिपोव्चाक, ४ नोव्हेंबर

लाडक्या तिहाना,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनच केला असता, पण एक कान गेल्यापासून आपला आवाज किती चढलाय ते मला कळत नाही. मागे तुला फोनवर मूळव्याधीचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तीन शेजारी मलम घेऊन दारात. म्हणून हे लिहून.

विचारायचं असं, की तू तिकडे ब्रनोला रक्तातलं ते पिवळं पाणी देतेस, प्लाझ्मा, ते नक्की काय प्रकरण आहे? दुखतं का? आणि मुख्य म्हणजे, किती दिवसांनी परत देता येतं?

इकडे मागच्या महिन्यात बंबवाल्यांच्या हॉलमध्ये रक्तदान झालं. बंबवाल्यांचा प्रमुख व्लाटको आता रक्तदान मंडळाचाही प्रमुख झालाय, त्यामुळे तो गळ्यात दोन शिट्ट्या घालून फिरतो. नंतर नेहमीप्रमाणे घमेलंभर घेवडा शिजवला होता, धुरी दिलेलं डुकराचं मांस घालून. चांगला झाला होता.

शहरातल्या रुग्णालयाची माणसं आली होती. नेहमीची नर्स निवृत्त झाली, नवीन आली आहे. नेवेन्का. समुद्राकडची आहे, झादारची. विधवा. पंचावन्नची असेल, वाटत नाही. हे मी सहज सांगतोय. तिने माझी बाही वर केली, दंडाला रबर बांधलं, आणि बाकीच्यांना हाक मारली, "अगं बायांनो, इकडे या, ही शीर बघा! शीर कसली, हमरस्ता आहे नुसता!" सगळ्या येऊन बघून गेल्या. तिहाना, एकोणसाठ वर्षांत माझ्या कुठल्याही अवयवाचं कोणी कौतुक केलेलं नव्हतं. मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला सुईचं काय, पण ही सुई घुसलेली मला कळलीसुद्धा नाही. संपलं तेव्हा वाटलं, इतक्यात?

आता परत रक्त द्यायचं तर तीन महिने थांबायचं. तीन महिने फार होतात. म्हणजे आजारी लोकांच्या दृष्टीने म्हणतोय मी.

वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, यातलं काही सांगू नकोस.

तुझा काका,
बार्तोल

ब्रनो, १३ नोव्हेंबर

काका,

तुझं पत्र दातांच्या प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं, कवळ्या घासता घासता सगळ्या हसल्या. मूळव्याधीचा भाग गाळला, काळजी करू नकोस.

तर प्लाझ्मा. आरामखुर्चीत झोपवतात. एका हातातून रक्त काढतात, ते यंत्रात जातं, यंत्र घुसळून पिवळं वेगळं करतं आणि लाल परत तुझ्याच अंगात सोडतं. लाल परत येतं तेव्हा थंड लागतं. आतून कोणीतरी दंडावर बर्फ फिरवतंय असं. पहिल्या वेळी माझे ओठ झिणझिणायला लागले, मला वाटलं आता मी मरणार. मी बाजूच्या माणसाला माझ्या मांजरीचं नाव आणि ती काय खाते ते सांगून ठेवलं. नर्सने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली, झिणझिण्या गेल्या. आता तो माणूस भेटला की आधी मांजरीची चौकशी करतो. राडिम नाव आहे. तो प्लाझ्मा देताना घोरतो. पिशवीत जमतं ते दिसायला अगदी तुझ्या मधासारखं. आदल्या दिवशी तळलेलं खाल्लं असेल तर मात्र गढूळ येतं, मग नर्स सगळ्यांसमोर विचारते, "काल काय हादडलंत?"

इथे दोन आठवड्यांनी परत देता येतं. तुमच्याकडेही बहुतेक तसंच असेल, शहरात विचार.

काका, मला खरंच तुझा अभिमान वाटला. माणसं तीन महिन्यांतून एकदा द्यायला कंटाळतात आणि तुला तीन महिने थांबवत नाही. असं मन फार थोड्या लोकांकडे असतं.

तिहाना

लिपोव्चाक, ६ डिसेंबर

तिहाना,

दोन आठवडे! हे आधी का नाही सांगितलंस?

लगेच बस पकडून शहरात गेलो. यंत्र आहे, आणि योगायोग बघ, यंत्रावर नेवेन्काच असते. मला बघून म्हणाली, "अरे, हमरस्ता आले!" मी तिला अकेशियाच्या फुलांच्या मधाची बरणी दिली. सगळ्यांसाठी म्हणून दिली, तिच्या हातात दिली इतकंच.

मग तिने माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला, पुष्पुष् करून फुगवला, आकडा बघितला आणि तिचा चेहराच उतरला. एकशे नव्वद. परत मोजलं, एकशे पंच्याण्णव. "बार्तोल, तुम्ही जिना धावत चढलात का?" म्हटलं, नाही. "कोणाशी भांडलात?" म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर भांडेन. ती हसली नाही. डॉक्टर आले, म्हणाले, या प्रेशरवर थेंबभरही घेता येणार नाही, घरी जा, मीठ बंद, चरबी बंद, दोन आठवड्यांनी या.

नेवेन्का दारापर्यंत सोडायला आली. खिशात हात घालून एक कागद दिला, त्यावर तिने आहार लिहून दिला होता. म्हणाली, "वचन द्या की पाळाल." दिलं वचन.

आणि आता हंगाम कोणता आहे ते बघ. घराघरात डुकरं कापताहेत. सकाळी दार उघडलं की अख्ख्या गल्लीत चरबी कढवल्याचा वास. व्लाटकोकडे गेलो तर त्याने ताटात रक्ताचं सॉसेज, भाजलेलं मांस, तळलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, सगळं वाढलं. मी म्हटलं, मला उकडलेलं गाजर मिळेल का? स्वयंपाकघरातल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. व्लाटकोच्या सासूने छातीवर क्रॉसची खूण केली. माझ्यासाठी गाजर शोधायला माणूस डुकरांच्या खोपट्याकडे पाठवावा लागला, कारण गाजरं तिथेच होती.

मी बरा आहे. काळजीचं काही नाही.

बार्तोल

ब्रनो, १४ डिसेंबर

काका!

एकशे पंच्याण्णव आणि "काळजीचं काही नाही"? बाबाही असंच म्हणत राहिले होते. तुझ्या भावाचं काय झालं ते विसरलास? मी रात्रभर पडल्या पडल्या छताकडे बघत होते.

मला माफ कर, पण मी आईला फोन केला. तुझ्यावर लक्ष ठेवायला तिथे कोणीतरी हवं. तिने शपथ घेतली आहे की कोणाला सांगणार नाही.

पोळ्यांच्या पेट्या उचलू नकोस. शिडीवर चढू नकोस. व्लाटकोशी पत्ते खेळू नकोस, तू हरलास की लाल होतोस. मधाचं दुकान नाताळापर्यंत बंद ठेव. आणि त्या नर्सबाईंचं ऐक, त्या शहाण्या दिसतात.

उत्तर लगेच टाक.

तिहाना

लिपोव्चाक, २२ डिसेंबर

तिहाना,

तुझ्या आईने शपथ पाळली. तिने कोणालाही सांगितलं नाही, फक्त पाववालीला सांगितलं.

त्यानंतर काय झालं ते वाच. सोमवारी माझ्या कुंपणाला लसणाच्या माळा, प्रेशरवर उतारा म्हणून. मंगळवारी व्लाटकोने बंबवाल्यांच्या बैठकीत मला शिडीच्या पथकातून काढून "सल्लागार" केलं. बुधवारी पाद्रीबुवा सहज आले. सहज आले, पण शेवटच्या संस्काराचं तेल बरोबर घेऊन! मी माश्यांना पाक ठेवत होतो, डोक्यावर जाळी होती, ते जाळीतूनच माझ्या कपाळाला तेल लावायला बघत होते. म्हटलं, बुवा, मी मरत नाहीये. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात, बाळ." ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

गुरुवारी वहिनी स्वतः आली, पाद्रीबुवांना आणि प्रेशरचं यंत्र घेऊन. मोजलं. एकशे पंचवीस. यंत्र बिघडलंय म्हणून व्लाटकोचं आणलं. एकशे तेवीस. मग कुत्र्याचं सोडून सगळ्यांचं मोजलं. अख्ख्या खोलीत सगळ्यात चांगलं प्रेशर माझं, आणि सगळ्यात वाईट पाद्रीबुवांचं. त्यांना घरी निजायला पाठवलं.

खुशीत शुक्रवारी शहरात गेलो. तीन आठवडे गाजर खाल्लंय, म्हटलं आता बघा. नेवेन्काने नवीन स्वेटर घातला होता, निळा. तिला आमच्याकडची थंडी सोसत नाही, हात गार होते. तिने माझं मनगट धरलं, म्हणाली, "घाबरू नका हं." एकशे अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आलेख काढू. काढला. ठणठणीत. तेही डोकं खाजवत बसले. नेवेन्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, "बार्तोल, तुम्ही नक्की मीठ बंद केलंय ना? माझ्याशी खोटं नका बोलू, माझ्या नवऱ्याने असंच फसवलं होतं मला, आणि एक दिवस गेला." मी शपथेवर सांगितलं. तिला खरं वाटलं की नाही कोण जाणे.

मला काहीतरी मोठा आजार आहे, तिहाना. घरी असताना दडून बसतो आणि रुग्णालयाचा जिना चढलो की बाहेर येतो.

बार्तोल

ब्रनो, २ जानेवारी

काका,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग पहिल्यापासूनची सगळी काढून परत वाचली. आणि मग मी पलंगावर पडून इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं.

आईच्या हातात एकशे पंचवीस. व्लाटकोच्या यंत्रावर एकशे तेवीस. नेवेन्काने मनगट धरलं की एकशे अठ्ठ्याऐंशी. स्वेटर निळा होता हे तुला आठवतंय. पाच वर्षांपूर्वी माझ्या पदवीदानाला मी काय घातलं होतं सांग बघू!

तू तीन आठवडे गाजर खाल्लंस, गावाने लसूण बांधला, पाद्री तेल घेऊन धावला, आणि झालंय काय, तर तू प्रेमात पडलायस! आजारी लोकांची कळकळ म्हणे. आणि मी मूर्ख, तुझ्या मनाच्या मोठेपणाचे गोडवे गात बसले.

काका, आता गंमत बाजूला. ती बाई समजतेय की तू तिच्या नवऱ्यासारखा तिच्या डोळ्यांदेखत मरणार आहेस. तिला असं झुरत ठेवणं बरं नाही. जा आणि सांग.

तिहाना

ता.क. राडिमने विचारलंय की तुझं पुढे काय झालं. हो, आम्ही आता प्लाझ्मा झाल्यावर कॉफी पितो. त्यावर मला काही विचारू नकोस.

लिपोव्चाक, १० जानेवारी

तिहाना,

डोंबलाचं प्रेम. मी साठीला आलेला माणूस आहे, माझ्या गुडघ्यातून आवाज येतात.

तरी पडताळा म्हणून काल परत गेलो. पट्टा बांधत असताना डोळे मिटले आणि मुद्दाम घाण घाण गोष्टी आठवल्या. मेलेला कार्प मासा. मागच्या वर्षीची पोळ्यातली कीड. आंघोळीच्या चड्डीतला व्लाटको. प्रेशर खाली येत होतं, मला जाणवत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "बार्तोल, झोप लागली की काय?"

एकशे ब्याण्णव.

तिला सांगणार होतो, खरंच. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मध संपला असेल तर आणतो." ती म्हणाली, अजून तीन बरण्या आहेत.

राडिम काय करतो? शेती आहे का त्याची?

बार्तोल

ब्रनो, १७ जानेवारी

काका,

राडिम ट्राम चालवतो. शेती नाही. खिडकीत एक मिरचीचं रोप आहे.

तू विषय बदलू नकोस. पोळं उघडायला हात घालतोस तेव्हा हजार माश्या समोर असतात, तिथे तुला भीती वाटत नाही. इथे एकच बाई आहे आणि तिचा डंख तुला कळलाही नव्हता, हे तूच लिहिलंयस. सांगून टाक. फार तर नाही म्हणेल.

तिहाना

लिपोव्चाक, २ फेब्रुवारी

तिहाना,

बसून वाच.

मागच्या मंगळवारी इकडे असा बर्फ पडला की कुंपणं दिसेनाशी झाली. बसगाड्या बंद. दुपारी फोन वाजला. नेवेन्का होती. एरवी तिचा आवाज गाणं म्हटल्यासारखा असतो, आज सरळ होता. एक बाळंतीण आली होती, पंचविशीची पोरगी, रक्त थांबत नव्हतं. तिचा गट माझा, ओ निगेटिव्ह. होतं तेवढं तिला लावून झालं होतं, दुसरीकडून मागवलेलं बर्फात अडकलं होतं. या गटाच्या सगळ्यांना फोन चालले होते. "बार्तोल, तुमचं प्रेशर माहीत आहे मला. पण माझ्याकडे दुसरं कोणी जवळ नाही. या. बघू काय होतं ते."

ट्रॅक्टरही निघेना. व्लाटकोला सांगितलं, त्याने बंब बाहेर काढला. दोन्ही शिट्ट्या तोंडात धरून तो चालवत होता, वर भोंगा चालू. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक बादल्या घेऊन बाहेर आले, आग कुठे लागली ते बघायला.

खुर्चीत बसलो. नेवेन्काने पट्टा बांधला. दोनशे.

डॉक्टर आले, बघितलं, मान हलवली. "नाही घेता येणार. यांनाच काहीतरी होईल." नेवेन्का परत मोजायला लागली. दोनशे पाच. पलीकडच्या दाराआडून कोणीतरी रडत होतं, त्या पोरीचा नवरा असावा. मोठा आडदांड पोरगा, भिंतीला डोकं टेकून उभा होता, येताना मी त्याला बघितलं होतं.

तो आठवला आणि माझं टाळकं सटकलं. मी ओरडलो, "डॉक्टर, हिला बाहेर काढा!"

नेवेन्का पांढरी पडली. डॉक्टर म्हणाले, "काय?"

"हिला बाहेर काढा म्हणतो! मला काही झालेलं नाही! घरी माझं एकशे पंचवीस असतं! हिने हात लावला की चढतं! नोव्हेंबरपासून चढतंय! दुसऱ्या कोणालाही मोजू द्या, पाहिजे तर त्या झाडूवाल्याला मोजू द्या, पण ही इथून गेली पाहिजे!"

मला वाटलं होतं मी हळू बोलतोय. नंतर व्लाटको म्हणाला, त्याला खाली बंबात बसून ऐकू आलं, काचा वर करून.

मग नेवेन्काने पट्टा सोडला, शेजारच्या तरुण नर्सच्या हातात दिला, आणि बाहेर गेली. दार लावून घेतलं. त्या तरुण नर्सने मोजलं. एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, थांबा. परत मोजलं. एकशे बत्तीस.

"घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

पिशवी भरली. त्या तरुण नर्सने तिसऱ्या प्रयत्नात शीर पकडली, हमरस्ता असून. दुखलं. संध्याकाळी बाकीचं रक्तही बर्फातून पोचलं. बाळंतीण वाचली, तिहाना. मुलगी झाली आहे, चांगली दणकट आहे. तो आडदांड पोरगा येऊन माझ्या गळ्यात पडला आणि माझा शर्ट ओला केला.

मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं, सॉसेजचा सँडविच आणि रस दिला. मी खात नव्हतो. मला वाटत होतं, आता इथे परत तोंड दाखवायला जागा नाही. व्लाटकोला म्हटलं, चल, मागच्या दाराने निघू. तो म्हणाला, "मला भोंगा तपासायचाय," आणि निघून गेला. भोंग्याला काही झालेलं नव्हतं.

नेवेन्का आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग म्हणाली, "मला नोव्हेंबरपासून झोप नाही. रोज वाटायचं, आज लिपोव्चाकहून बातमी येणार. आणि तुम्ही तीन आठवडे गाजर खात बसलात!"

म्हटलं, "दोन महिने. तुम्हाला वचन दिलं होतं."

ती हसायला लागली. हसता हसता रडली, परत हसली. नाक पुसलं. माझ्या हातातला सँडविच काढून घेतला, उघडून आत बघितलं, आणि म्हणाली, "खा. मीठ आहे त्यात. खा आता." मी खाल्लं. देवाशपथ, असं सॉसेज मी जन्मात खाल्लेलं नाही.

मग मी म्हटलं, "आता पुढचं रक्त थेट एप्रिलअखेर."

ती म्हणाली, "मग तोवर काय?"

मी म्हटलं, "प्लाझ्माला येईन, पण मोजायला दुसरी कोणीतरी ठेवा."

ती उठली, एप्रन झटकला. म्हणाली, रविवारी तिची बहीण झादारहून मासे पाठवते आहे, लसूण घालून पालेभाजी करणार आहे, एकटीने संपायचं नाही. मी माशाला हात लावत नाही हे तुला माहीत आहे, लहानपणी काटा अडकला होता तेव्हापासून. तिला सांगितलं, मासे मला फार आवडतात, डोक्यासकट खातो.

मघापर्यंत मला "तुम्ही, तुम्ही" करत होती. दारात वळून म्हणाली, "मग रविवारी बारा वाजता. जेवायला ये."

या नाही, तिहाना. ये म्हणाली.

तुझा काका,
बार्तोल